दोन दुरुस्त्या, तिसरी प्रत

सहामाही परीक्षेची प्रश्नपत्रिका तयार आहे असे समजू. विज्ञान शिकवणाऱ्या दोन शिक्षकांनी तिची एकेक प्रत घरी नेली आणि सवडीने तपासली. सोमवारी दोन्ही प्रती टेबलावर आल्या. सरांच्या प्रतीत 'कॅल्क्युलेटर वापरू नये' अशी सूचना आहे, बाईंच्या प्रतीत ती नाही. आता पक्क्या प्रतीत ही सूचना हवी की नको?

हातात फक्त या दोनच प्रती असतील तर या प्रश्नाला उत्तर नाही. सरांनी सूचना नव्याने घातली असेल. किंवा ती मुळातच होती आणि बाईंनी विचारपूर्वक खोडली असेल. दोन्ही शक्यता सारख्याच. उत्तर मिळते ते तिसऱ्या प्रतीतून, म्हणजे दोघांनी घरी नेण्याआधी जी होती त्या मूळ प्रतीतून. मुळात सूचना नसेल तर सरांनी ती वाढवली आहे, म्हणून ठेवायची. मुळात असेल तर बाईंनी ती काढली आहे, म्हणून काढायची.

संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांपुढे हा प्रश्न रोज उभा असतो. प्रोग्रॅम म्हणजे शेवटी ओळीओळीने लिहिलेला मजकूरच. लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्यात आज तीन कोटींहून अधिक ओळी आहेत. दर नऊ-दहा आठवड्यांनी तिची नवी आवृत्ती निघते आणि तिच्यात जगभरच्या हजाराहून अधिक लोकांच्या दुरुस्त्या असतात. त्या सगळ्या एकाच मजकुरात बसवायच्या असतात. या कामाला संगणकाच्या जगात 'मर्ज' म्हणतात; आपण त्याला मिलाफ म्हणू. दोन दुरुस्त्या एकाच जागी आल्या आणि यंत्राला निवड करता आली नाही, की त्याला 'कॉन्फ्लिक्ट' म्हणतात. आपण त्याला तिढा म्हणू. हे तिढे सोडवण्याची साधने गेल्या पन्नास वर्षांत कशी घडत गेली ते या लेखात पाहू. या इतिहासात एक प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो: यंत्राने कुठवर ठरवावे आणि कुठून पुढे माणसाने?

कुलपाचा काळ

१९७२ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकाइंड यांनी 'सोर्स कोड कंट्रोल सिस्टिम', थोडक्यात एससीसीएस, ही व्यवस्था तयार केली. आधी ती आयबीएमच्या मोठ्या संगणकावर चालत असे, पुढे ती युनिक्स प्रणालीवर आली. १९७५ साली रॉचकाइंड यांनी तिच्यावर निबंध प्रसिद्ध केला. एखाद्या फाइलच्या सगळ्या जुन्यानव्या आवृत्त्या एकाच जागी जपून ठेवायच्या आणि हवी ती पुन्हा काढून द्यायची, हे तिचे काम. त्यासाठी प्रत्येक ओळ कोणत्या आवृत्तीत आली आणि कोणत्या आवृत्तीत गेली याची नोंद ती ठेवत असे.

दोघांनी एकाच वेळी दुरुस्ती केली तर काय, या प्रश्नाचे एससीसीएसचे उत्तर सरळ होते: तशी वेळच येऊ द्यायची नाही. एकाने दुरुस्तीसाठी फाइल घेतली की तिला कुलूप लागे. त्याने ती परत करेपर्यंत इतरांनी ती वाचावी, पण बदलू नये. वर्गाच्या एकुलत्या हजेरीपटासारखाच हा प्रकार. तो एका शिक्षकाकडे असला की बाकीचे थांबतात.

कुलपामुळे तिढा पडत नाही हे खरे, पण त्याची किंमत मोजावी लागते. फाइलच्या सुरुवातीला एकाला दोन शब्द बदलायचे असतात आणि शेवटी दुसऱ्याला एक ओळ घालायची असते. या दोन कामांचा एकमेकांशी काही संबंध नसतो, तरी एकाला ताटकळावे लागते. कुलूप लावून कोणी रजेवर गेले तर बघायलाच नको!

फरक कसा शोधायचा?

कुलूप काढायचे तर दोन प्रतींतला फरक यंत्राला अचूक सांगता यायला हवा. हे दिसते तितके सोपे नाही. एका प्रतीत क, ख, ग, घ, च अशा पाच ओळी आहेत आणि दुसरीत क, ग, घ, ट, च अशा पाच. पहिलीशी पहिली, दुसरीशी दुसरी अशी तुलना केली तर दुसरी, तिसरी आणि चौथी अशा तीन ओळी वेगळ्या निघतील. आपल्याला मात्र पाहताच कळते की 'ख' गेला आणि 'ट' आला, एवढेच घडले आहे. आपण नकळत काय करतो? दोन्ही प्रतींत त्याच क्रमाने येणारी जास्तीत जास्त लांब मालिका शोधतो. इथे ती क, ग, घ, च अशी आहे. तिच्याबाहेर जे उरले तोच फरक.

हीच कल्पना 'डिफ' या प्रोग्रॅमच्या मुळाशी आहे. बेल प्रयोगशाळेतील डग्लस मॅकिलरॉय यांनी तो लिहिला आणि १९७४ साली युनिक्सच्या पाचव्या आवृत्तीबरोबर तो बाहेर आला. त्यामागची रीत जेम्स हंट आणि मॅकिलरॉय यांनी १९७६ च्या अहवालात मांडली. हजार ओळींच्या दोन फाइलींत प्रत्येक ओळीची प्रत्येक ओळीशी गाठ घालायची तर दहा लाख घरांचे कोष्टक लागते. त्या काळच्या संगणकांच्या तुटपुंज्या स्मृतीत ते मावणे अवघड होते. म्हणून ज्या ओळी खरोखर जुळतात तेवढ्यांचाच विचार करण्याची युक्ती त्यांनी काढली.

डिफमुळे आणखी एक दार उघडले. संपूर्ण फाइल पाठवण्याऐवजी फक्त फरक पाठवता येऊ लागला. १९८५ साली लॅरी वॉल यांनी 'पॅच' हा प्रोग्रॅम लिहिला. आलेला फरक तो आपल्या प्रतीवर चढवतो. मध्यंतरी ओळी वरखाली सरकल्या असल्या तरी आसपासच्या ओळींवरून तो योग्य जागा हुडकतो. जागा सापडलीच नाही तर तो ओढूनताणून दुरुस्ती बसवत नाही. तेवढा तुकडा वेगळ्या फाइलीत बाजूला काढून ठेवतो आणि माणसाला तसे सांगतो. हा गुण लक्षात ठेवण्यासारखा आहे.

तिसऱ्या प्रतीचे महत्त्व

डिफ दोन प्रतींतला फरक सांगतो, पण बदल कोणी केला हे सांगू शकत नाही. त्यासाठी तीन प्रती लागतात हे आपण प्रश्नपत्रिकेच्या उदाहरणात पाहिलेच. तीन फाइलींची एकत्र तुलना करणारा 'डिफ-थ्री' हा प्रोग्रॅम १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत होता. तीन प्रतींवरून मिलाफ करण्याचे नियम मोजकेच आहेत. मूळ प्रतीत आणि दोन्ही दुरुस्त प्रतींत एखादा भाग सारखाच असेल तर तो तसाच ठेवावा. एकानेच तो बदलला असेल तर त्याचा बदल घ्यावा. दोघांनी अगदी सारखाच बदल केला असेल तर तो एकदाच घ्यावा. आणि दोघांनी तोच भाग वेगवेगळ्या रीतीने बदलला असेल तर तो तिढा, तिथे थांबावे.

अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात वॉल्टर टिची यांनी आरसीएस ही व्यवस्था तयार केली आणि १९८२ साली तिची माहिती प्रसिद्ध केली. ताजी आवृत्ती पूर्ण ठेवायची आणि जुन्या आवृत्त्या मागे मागे जाणाऱ्या फरकांच्या रूपात साठवायच्या, ही तिची खुबी. तिच्यासोबत तीन प्रतींचा मिलाफ करणारे 'मर्ज' हे साधनही होते. पण रोजच्या कामाची रीत अजून कुलपाचीच होती.

ॲमस्टरडॅमचे तिघे

कुलूप निघाले ते एका घरगुती म्हणावी अशा अडचणीतून. १९८४ च्या जुलैमध्ये ॲमस्टरडॅमच्या व्ह्राये विद्यापीठातील डिक ग्रून आणि त्यांचे दोन विद्यार्थी सी भाषेच्या एका कंपायलरवर काम करू लागले. तिघांच्या वेळा जुळत नव्हत्या. एक विद्यार्थी नऊ ते पाच असा नेमाने काम करी, दुसऱ्याच्या वेळेचा भरवसा नसे, आणि स्वतः ग्रून यांना फक्त संध्याकाळ मोकळी मिळे. अशा वेळी एकाने लावलेले कुलूप दुसऱ्याला नेमके नको तेव्हा आडवे येई.

ग्रून यांनी आरसीएसच्या वर काही छोटे प्रोग्रॅम रचून नवी पद्धत बसवली. प्रत्येकाने आपली स्वतंत्र प्रत घ्यावी, हवे ते बदलावे, कोणाची परवानगी मागू नये. काम झाले की ते सामायिक भांडारात जमा करावे. मात्र मधल्या काळात दुसऱ्या कोणी काही जमा केले असेल तर ते आधी आपल्या प्रतीत मिसळून घ्यावे आणि मगच आपले जमा करावे. थोडक्यात, जो मागून येईल त्याने मिलाफाचे काम करायचे. ही पद्धत सीव्हीएस या नावाने १९८६ साली सर्वांसाठी खुली झाली. १९८९ साली ब्रायन बर्लिनर यांनी ती सी भाषेत नव्याने लिहिली आणि पुढची अनेक वर्षे जगभर ती चालली.

इथे केवळ तंत्र बदलले नाही, विश्वास ठेवण्याची जागा बदलली. कुलपाची पद्धत असे मानते की दोन माणसे एकत्र आली की गोंधळ होणारच. मिलाफाची पद्धत असे मानते की बहुतेक वेळा माणसे वेगवेगळ्या जागी काम करतात. क्वचित पडणारा तिढा पडल्यावर सोडवता येईल. अनुभवाने दुसरे गृहीतक बरेचसे खरे ठरवले.

तिढा पडला की सीव्हीएस फाइलीतच खुणा करी, आणि आजच्या व्यवस्थाही तशाच खुणा करतात. आधी 'पेक्षा लहान' हे चिन्ह सलग सात वेळा, त्याखाली आपला मजकूर. मग सात 'बरोबर' चिन्हे, त्याखाली दुसऱ्याचा मजकूर. आणि शेवटी सात 'पेक्षा मोठे' चिन्हे. या खुणा काढून, दोन्ही मजकूर वाचून, योग्य तो एक मजकूर माणसाने लिहायचा. नवशिके या खुणा पाहून घाबरतात. खरे तर ते यंत्राचे प्रामाणिक उत्तर आहे: 'हे मला कळत नाही, तुम्ही ठरवा.'

मूळ प्रत कोणती?

सीव्हीएसमध्ये भांडार एकच असे, त्यामुळे मूळ प्रत शोधणे सोपे होते. लिनक्ससारख्या प्रकल्पात प्रत्येकाकडे आपापले भांडार असते आणि कोणीही कोणाकडूनही दुरुस्त्या घेतो. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स सुरू केले, तेव्हापासून २००२ पर्यंत दुरुस्त्या मुख्यतः ई-मेलने पॅचच्या रूपात येत. २००२ साली त्यांनी बिटकीपर ही विखुरलेल्या भांडारांसाठीची व्यवस्था स्वीकारली. ती एका खासगी कंपनीची होती. २००५ च्या एप्रिलमध्ये तिचा मोफत परवाना बंद झाला. टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचे काम बाजूला ठेवले आणि 'गिट' लिहायला घेतले. ७ एप्रिलला गिटचा स्वतःचा मजकूर गिटमध्येच ठेवला जाऊ लागला, आणि जूनमध्ये लिनक्सच्या गाभ्याची २.६.१२ ही आवृत्ती गिटच्या साहाय्याने निघाली. जुलैमध्ये त्यांनी गिटची जबाबदारी जुनिओ हामानो यांच्याकडे सोपवली.

गिटमध्ये प्रत्येक आवृत्तीला तिचे पूर्वज कोण हे ठाऊक असते. दोन शाखांचा मिलाफ करायचा म्हणजे वंशावळीत मागे जाऊन दोघींचा सर्वांत जवळचा समान पूर्वज शोधायचा. तीच मूळ प्रत. तिढा पडला तर गिट तिन्ही प्रती क्रमांक देऊन ठेवते: एक म्हणजे पूर्वज, दोन म्हणजे आपली, तीन म्हणजे दुसऱ्याची. गिटच्या पहिल्या काळात प्रत्यक्ष ओळींचा मिलाफ करायला टिची यांच्या आरसीएसमधील 'मर्ज' हेच साधन वापरले जाई.

पण वंशावळ नेहमी सरळ नसते. दोन शाखांनी मध्येच एकमेकींकडून देवाणघेवाण केली असेल तर सारख्याच जवळचे दोन पूर्वज निघतात. साटेलोटे झालेल्या दोन घराण्यांत नाते मोजताना जशी पंचाईत होते, तशीच ही. यावर २००५ सालीच फ्रेड्रिक कुइविनेन यांनी गिटसाठी तोड आणली: आधी त्या दोन पूर्वजांचाच मिलाफ करायचा आणि त्यातून निघालेली काल्पनिक प्रत मूळ मानायची. ईलायजा न्यूरेन यांनी ही रीत नव्याने आणि अधिक वेगवान लिहिली, आणि २०२१ पासून गिट तीच वापरते.

सोडवणाऱ्याच्या हाती

तिढा सोडवणाऱ्या माणसासाठी पुष्कळ साधने निघाली. विम या संपादकात दोन-तीन प्रती शेजारी ठेवून फरक रंगवून दाखवण्याची सोय २००१ साली आली. केडिफ-थ्री आणि मेल्ड ही खिडक्यांची साधने त्यानंतर लोकप्रिय झाली. केडिफ-थ्रीमध्ये वर तीन खिडक्यांत पूर्वज, आपली आणि दुसऱ्याची प्रत दिसते, आणि खाली अंतिम मजकूर तयार होत जातो. कोणत्या खिडकीतला तुकडा घ्यायचा ते आपण निवडायचे. गिटमध्ये आणखी एक सोय आहे: एकदा सोडवलेला तिढा कसा सोडवला हे लिहून ठेवायचे आणि तसाच तिढा पुन्हा आला की तेच उत्तर आपोआप लावायचे.

साधन कोणते निवडावे हा आवडीचा भाग आहे. एक गोष्ट मात्र आवडीवर सोडण्यासारखी नाही. गिटने आपणहून फाइलीत केलेल्या खुणांमध्ये फक्त दोन मजकूर दिसतात, आपला आणि दुसऱ्याचा. ज्या मूळ प्रतीमुळे निर्णय शक्य होतो तीच तिथे दिसत नाही! 'डिफ-थ्री' शैलीच्या खुणा मागितल्या तर सात उभ्या रेघांनंतर मूळ मजकूरही मिळतो. समजा मुळात '५ गुण' होते, एका प्रतीत '६ गुण' आणि दुसरीत '५ गुण, आकृतीसह' असे आहे. फक्त शेवटच्या दोन ओळी पाहिल्या तर यांतली एक निवडायची असे वाटते. मूळ ओळ पाहिली की कळते, एकाने गुण वाढवले, दुसऱ्याने आकृती मागितली, आणि '६ गुण, आकृतीसह' हे दोघांनाही न्याय देणारे उत्तर आहे. म्हणून तिढा सोडवताना 'कोणाचे घ्यावे' असे न विचारता 'प्रत्येकाला काय करायचे होते' असे विचारावे.

यंत्राला काय कळत नाही

तिढा न पडता झालेला मिलाफ बरोबरच असतो का? पुन्हा आपली प्रश्नपत्रिका घेऊ. सरांनी प्रश्न ४ मधील आकृती काढून टाकली. बाईंनी शेवटी नवा प्रश्न घातला: 'प्रश्न ४ मधील आकृती पाहून उत्तर द्या.' बदल दोन वेगळ्या जागी आहेत. यंत्र एकही शंका न काढता दोन्ही घेईल, आणि विद्यार्थ्यांच्या हाती नसलेली आकृती शोधायला लावणारी प्रश्नपत्रिका पडेल. प्रोग्रॅममध्ये एकाने एखाद्या भागाचे नाव बदलले आणि दुसऱ्याने त्याच वेळी जुन्या नावाने त्याचा वापर वाढवला, की हेच घडते. दिसणाऱ्या तिढ्यापेक्षा हा न दिसणारा तिढा अधिक घातक, कारण तिथे यंत्र थांबतच नाही.

नियमांच्या बाबतीतही गाफील राहून चालत नाही. २००७ साली नवी दिल्लीत भरलेल्या एका परिषदेत संजीव खन्ना, केशव कुणाल आणि बेंजामिन पिअर्स यांनी डिफ-थ्रीचा गणिती अभ्यास मांडला. बदल एकमेकांपासून पुरेसे दूर असले की तिढा पडत नाही, असे सगळे धरून चालत होते. हे सरसकट खरे नाही असे त्यांनी दाखवले. मजकुरात त्याच त्या ओळी पुन्हा पुन्हा येत असतील तर कोणती ओळ कोणत्या ओळीशी जुळवायची यातच यंत्राची गल्लत होऊ शकते. प्रोग्रॅममध्ये नुसता कंस असलेल्या ओळी शेकडो असतात, हे इथे आठवावे. जवळजवळ तीन दशके वापरात असलेल्या साधनाचे मूलभूत गुणधर्म इतक्या उशिरा तपासले गेले, ही गोष्ट विज्ञानाच्या विद्यार्थ्याने मनात ठेवावी. 'चालते आहे' आणि 'का चालते ते कळले आहे' या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत.

म्हणूनच जाणकार मंडळी मिलाफ झाल्यावर प्रोग्रॅम चालवून चाचण्या घेतात, छोट्या दुरुस्त्या वरचेवर जमा करतात, आणि तिढा पडला की ज्याची दुरुस्ती आहे त्याच्याशी बोलतात. या शेवटच्या उपायाला अजून तरी कोणते साधन पर्याय ठरलेले नाही.

वर्गात करून पाहता येईल

नववी-दहावीच्या वर्गात हा प्रयोग संगणकाशिवाय होतो. दहा ओळींचा एक उतारा फळ्यावर लिहावा आणि सर्वांनी तो उतरवून घ्यावा. विद्यार्थ्यांच्या जोड्या कराव्यात. जोडीतल्या प्रत्येकाने दुसऱ्याला न दाखवता आपल्या प्रतीत तीन बदल करावेत: एक ओळ घालावी, एक काढावी, एक बदलावी. मग फळा पुसावा. तिसऱ्या विद्यार्थ्याला फक्त या दोन प्रती देऊन पक्का उतारा तयार करायला सांगावे आणि त्याने कुठे कुठे अंदाज केला ते त्याच्याकडून लिहवून घ्यावे. त्यानंतर मूळ उतारा हाती द्यावा आणि तेच काम पुन्हा करायला सांगावे. किती अंदाजांची जागा आता निर्णयांनी घेतली, ते मोजावे. उरतील त्या जागा खऱ्या तिढ्याच्या. त्या सोडवायला जोडीतल्या दोघांना समोरासमोर बसवावे आणि 'तुला काय म्हणायचे होते?' एवढाच प्रश्न एकमेकांना विचारू द्यावा.